नवीन टायर, हँडलची थरथर आणि चाकाचं बॅलन्सिंग: स्टँड, मशीन की मणी?

लांबपल्ला

राम राम मंडळी,

बाइकला दोन्ही टायर नवे टाकलेत. पुढे 120/70-17, मागे 180/55-17, ट्यूबलेस, अलॉय व्हील. तेव्हापासून 80-85 पर्यंत सगळं छान, पण 90 च्या आसपास हँडलमध्ये बारीक थरथर सुरू होते आणि 100-110 ला इतकी वाढते की आरशात मागची गाडी नीट दिसत नाही, तळहाताला मुंग्या येतात. जुने टायर पार झिजले होते पण त्यांच्यावर असं काही नव्हतं. टायर बसवणाऱ्याने रिमवरची जुनी चिकटवलेली वजनं काढून टाकली आणि नवीन काही लावलंच नाही, विचारलं तर म्हणे बाइकला बॅलन्सिंग (रिमवर छोटी वजनं लावून चाकाचा भार सगळीकडे सारखा करणं) लागत नाही.

आता चौकशी केली तर जितकी तोंडं तितकी मतं. एक जण म्हणतो कॉम्प्युटरवाल्या मशीनवरच करा, बाकी सगळा टाइमपास आहे. दुसरा म्हणतो बाइकचं चाक अरुंद असतं, साध्या स्टँडवर घरी होतं. तिसरा म्हणतो टायरमध्ये बॅलन्सिंगचे मणी टाका आणि विसरून जा, टायर संपेपर्यंत बघायला नको. मी चाक स्वतः काढून बसवू शकतो, टॉर्क पाना (बोल्ट मोजून आवळायचा) आणि पॅडॉक स्टँड (बाइकचं चाक उचलून धरणारा) आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा, कारण वेग वाढवला की हँडल असं हलणं मला बरं वाटत नाहीये.

---

पानाखोकं

पद्धत निवडायच्या आधी हे बॅलन्सिंगचंच दुखणं आहे का ते बघून घ्या. नव्या टायरनंतर सुरू झालंय म्हणजे संशय तिकडेच जातो हे खरं, पण खात्री करायला काही लागत नाही.

थरथर ज्या स्पीडला येते तो स्पीड धरून ठेवा आणि एक गिअर खाली टाका. इंजिनचे आरपीएम बदलले, स्पीड तोच. थरथर तशीच राहिली तर ती चाकाची, बदलली तर इंजिनची किंवा कुठल्यातरी सैल माउंटिंगची. मग मोकळा सरळ रस्ता बघून ब्रेक हलका दाबा. फक्त ब्रेक लावल्यावरच धडधड येत असेल तर डिस्क वाकडी आहे, तिथे बॅलन्सिंग करून काहीही होणार नाही. आणि स्पीड कमी होताना साधारण 70 ते 60 च्या मध्ये हँडल डावी-उजवीकडे हलत असेल तर बहुतेक वेळा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं) सैल झालेला असतो किंवा पुढचा टायर खड्ड्याखड्ड्यांनी झिजलेला असतो. तुमचा टायर नवीन आहे, त्यामुळे कोनसेट तेवढा तपासा. पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि फोर्क (चाकाच्या दोन्ही बाजूंचे दांडे) खालून धरून पुढे-मागे हलवून बघा, टकटक लागता कामा नये.

बॅलन्सिंगच्या थरथरीची ओळख अशी की ती एका ठराविक स्पीडला सुरू होते, वाढत जाते, ब्रेक, गिअर, थ्रॉटल कशाचाही तिच्यावर परिणाम होत नाही. तुमचं वर्णन तर तसंच वाटतंय.

---

गिअरबदल

टायर रिमवर नीट बसलाय का तेही बघा. टायरच्या बाजूला रिमच्या अगदी लगत एक बारीक रेष असते, गोल फिरणारी. ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. कुठे आत गेली असेल तर तिथे टायर बसलेलाच नाही. असा टायर कितीही बॅलन्स करा, उड्या मारणारच.

---

कोनबेअरिंग

मी सगळी चाकं स्टँडवरच करतो, स्वतःची आणि मित्रांची पण. दादा, तुमच्याकडे चाक काढायची सोय आहे ना, मग माझं स्पष्ट मत आहे की स्टँडच घ्या किंवा बनवा. नीट केलं तर यात मशीनपेक्षा काही कमी होत नाही, निदान पुढच्या चाकाला तरी नाहीच.

स्टँड म्हणजे काय तर एक सरळ दांडा, त्यावर दोन शंकू जे चाकाच्या बेअरिंगच्या आतल्या रेसमध्ये (कडीत) दोन्ही बाजूंनी बसतात, आणि दांडा ज्यावर फिरतो ती चार छोटी बेअरिंगं. सगळा खेळ त्या छोट्या बेअरिंगचा आहे. स्केटिंगच्या चाकातली बेअरिंगं चालतात पण त्यात घट्ट ग्रीस असतं, ते रॉकेलने धुवून काढा आणि पातळ ऑइलचा एखादा थेंब सोडा, बोटाने टिचकी मारली तर बराच वेळ फिरत राहिली पाहिजेत. काही जण बाइकचाच अ‍ॅक्सल (चाकाचा मधला दांडा) चाकात घालून दोन्ही टोकं कशावर तरी टेकवतात आणि चाक त्याच्याच बेअरिंगवर फिरवतात. त्यात अडचण ही की चाकाच्या बेअरिंगला सील असतात, ग्रीस असतं, ते घासतं आणि 10-15 ग्रॅमचा फरक तसाच गिळून टाकतं. तुम्हाला वाटतं चाक बॅलन्स झालं, ते नुसतं अडकून थांबलेलं असतं. बाइकवर चाक लावूनच बॅलन्स करायचं असेल तर तीच गत, वरून ब्रेक पॅड घासतात आणि मागे चेन, त्यामुळे चाक काढूनच करा.

चाक काढल्यावर कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, फोर्कला बांधून टाका. डिस्क चाकावरच राहू दे कारण ती चाकाबरोबर फिरते, तिचंही वजन धरायचंय. टायरमधले दगड, रिमवरचा चिखल, चेनच्या ऑइलचा चिकटा सगळं साफ करा. मग चाक स्टँडवर ठेवा, स्टँड लेव्हलमध्ये आहे ना ते बघा, आणि व्हॉल्व्ह बाजूला म्हणजे घड्याळात तीन वाजतात तिथे ठेवून चाक सोडून द्या. ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. जड भाग आपोआप खाली येईल, थोडं मागेपुढे झुलून थांबेल. वरच्या टोकाला खडूने खूण करा. आता वेगवेगळ्या जागांवरून सोडून बघा, दरवेळी तीच खूण वर यायला हवी. दरवेळी वेगळी जागा येत असेल तर एक तर स्टँड अडकतोय किंवा चाक आधीच जवळपास बॅलन्स आहे.

खुणेवर वजन लगेच चिकटवू नका, आधी कागदी टेपने तात्पुरतं लावा. 10 ग्रॅमने सुरुवात करा, खूण तीन वाजता आणा आणि सोडा. खूण वर गेली तर वजन कमी पडतंय, खाली आली तर जास्त झालं. असं 5-5 ग्रॅमने जुळवत जा, जोपर्यंत चाक जिथे सोडाल तिथे गप्प उभं राहत नाही. झालं असं वाटलं की स्टँडची परीक्षा घ्या, कुठेही 5 ग्रॅमचा एक तुकडा टेपने लावा आणि तो तुकडा तीन वाजता आणून सोडा. चाक हललं तर तुमचं काम खरं. हललं नाही तर स्टँड खोटं बोलतोय, बेअरिंगं परत धुवा. ही शेवटची चाचणी बरेच जण करत नाहीत आणि मग स्टँडला नावं ठेवतात.

वजन चिकटवायची जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, तेलाचा हात लागला तरी चिकट पट्टी पुढे सुटते. शक्यतो रिमच्या आतल्या बाजूला, हबकडे तोंड असलेल्या पृष्ठभागावर मधोमध लावा, चाक फिरताना वजन बाहेर फेकलं जातं म्हणजे तिथे ते रिमवरच दाबलं जातं. रिमच्या बाजूच्या भिंतीवर लावलेलं वजन घसरून सुटायची शक्यता जास्त. मधे जागा नसेल, कास्टिंगचा उंचवटा असेल तर अर्धं डावीकडे अर्धं उजवीकडे समोरासमोर लावा. आणि चाक बसवल्यावर हाताने फिरवून वजन कॅलिपरला घासत नाही ना ते बघा, काही बाइकवर तिथे फारच कमी फट असते.

---

आकडेमोड

थोडं गणित टाकतो, कारण 20-30 ग्रॅमने काय फरक पडतो असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं.

120/70-17 टायरची बाहेरची त्रिज्या साधारण 30 सेंमी. 100 किमी वेगाला चाक सेकंदाला जवळपास 15 फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला, म्हणजे केंद्रापासून साधारण 21.5 सेंमीवर 30 ग्रॅमचा फरक असेल तर त्या वेगाला तो चाकाला सुमारे 55 न्यूटन जोराने बाहेर ओढतो. वजनाच्या भाषेत साडेपाच किलोच्या वर. आणि ही ओढ एका सेकंदात 15 वेळा वर, खाली, पुढे, मागे अशी फिरते.

जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 50 ला तोच फरक दीड किलोपेक्षा कमी ओढ देतो, 150 ला साडेबारा किलोच्या आसपास. म्हणून गावात फिरताना काही कळत नाही आणि हायवेला एकदम कळतं. लांबपल्ला यांचं 90 च्या पुढचं सगळं याच्यात बसतंय. शिवाय चाक, टायर, फोर्क मिळून जी एक स्वतःची उसळायची लय असते ती सेकंदाला साधारण 10 ते 15 च्या घरात, तिच्याशी फेऱ्या जुळल्या की थरथर नुसत्या जोराच्या हिशोबापेक्षा मोठी वाटते.

---

रिमरबर

मी मशीनवर काम करतो. कोनबेअरिंग यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण मशीनबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत म्हणून लिहितो.

स्टँड फक्त एक गोष्ट सांगतो, चाकाचा जड भाग घेरात कुठे आहे. जड भाग डावीकडच्या कडेला आहे की उजवीकडच्या हे स्टँडला कळत नाही. समजा डाव्या कडेला वर 20 ग्रॅम जास्त आणि उजव्या कडेला बरोबर खाली 20 ग्रॅम जास्त, तर स्टँडवर हे चाक कुठेही सोडा, गप्प उभं राहील. पण जोरात फिरवलं की ते डुलणार, कारण दोन कडा आळीपाळीने विरुद्ध बाजूंना ओढतात. हे फक्त फिरवणाऱ्या मशीनवर सापडतं. चाक जितकं रुंद तितका हा परिणाम मोठा. 120 च्या टायरची रिम साडेतीन इंच, 180 ची साडेपाच इंच, आणि कारची अजून रुंद. म्हणून कारला मशीन हवंच, बाइकच्या पुढच्या चाकाला स्टँड पुरतो, आणि मागचं रुंद चाक मधे कुठेतरी येतं. 150 च्या आतला टायर असेल तर मी स्वतः स्टँडवर समाधानी असतो. 180-190 ला आणि सारखं हायवेला पळणाऱ्याला मशीन सांगतो.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, मशीन बाइकच्या चाकासाठी तयार असेल तरच. कारचं चाक मधल्या मोठ्या भोकावर शंकू लावून पकडतात. बाइकच्या चाकाला ते भोकच नाही, बेअरिंगचं छिद्र आहे, त्यासाठी वेगळा शाफ्ट आणि शंकूंचा अ‍ॅडॅप्टर लागतो. तो नसताना काहीतरी जुगाड करून चाक चढवलं तर ते केंद्रात बसत नाही आणि मशीन चाकाचं नाही तर जुगाडाचं बॅलन्सिंग करून देतं. तुम्ही ग्राहक म्हणून एक गोष्ट मागू शकता. रीडिंग शून्य आल्यावर चाक शाफ्टवरून सैल करायला सांगा, अर्धा फेरा फिरवून परत पकडायला सांगा आणि मशीन पुन्हा चालवायला सांगा. शून्याच्या जवळ आलं, 5 ग्रॅमच्या आत, तर काम चोख. 20 ग्रॅमचा आकडा दिसला तर चाक मधोमध पकडलंच जात नाहीये. चांगला माणूस ही चाचणी करायला नाही म्हणत नाही.

मागचं चाक आणताना स्प्रॉकेटचा (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चक्राचा) भाग रबरांवर नुसता बसवलेला असतो तो काढून आणा, फिरताना तो डुलतो आणि रीडिंग हलत राहतं. आणि टायरमध्ये पंक्चरचं पातळ सीलंट असेल तर आधी सांगा, ते आत वाहत असतं त्यामुळे मशीन दरवेळी वेगळा आकडा दाखवतं.

---

मातीचा_रस्ता

आऱ्यांच्या चाकाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. माझी पुढे 21 इंची आऱ्यांची रिंग, ट्यूबवाली. इथे चिकट वजनं नीट बसत नाहीत, आऱ्याच्या निपलवर (रिंगेकडच्या टोकाच्या नटावर) बसणारी खाचवाली वजनं मिळतात, ती पक्कडीने दाबायची किंवा बारीक स्क्रूने आवळायची. ती नसतील तर सोल्डरची तार आऱ्याला निपलजवळ घट्ट गुंडाळतात, मोजून कापता येते ही तिची सोय, शिसं असेल तर हात धुवा मात्र.

पण आधी रिंग सरळ करा. आऊट (वाकडी) असलेली रिंग बॅलन्स करून काय उपयोग, वजन बरोबर झालं तरी चाक गोल नाहीये. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये रिंग वर-खाली आणि आजूबाजूला 2 मिमीपर्यंत आऊट चालते असं दिलेलं असतं. आरे एका पट्टीत ओढून घ्या, फोर्कला झिप टाय बांधून त्याचं टोक रिंगजवळ आणलं की फिरवताना फट डोळ्यांना दिसते. अलॉयवाल्यांनाही हेच लागू, खड्ड्यात आपटून रिम दबलेली असते आणि दोष टायरला जातो.

आणि ज्यांच्या रिंगमध्ये टायर घसरू नये म्हणून रिम लॉक बसवलेलं असतं त्यांनी हे लक्षात ठेवा की तेच तुमचं सगळ्यात मोठं जड ठिकाण आहे. नुसत्या मातीत हळू चालवायचं असेल तर दुर्लक्ष करा, पण तीच बाइक घेऊन हायवेने जायचं असेल तर त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूच्या आऱ्यांवर भरपूर वजन लागतं.

---

सरळरेष

मी दोन वर्षांपासून मणी वापरतेय आणि समाधानी आहे. सिरॅमिकचे बारीक दाणे असतात, साबुदाण्यापेक्षाही लहान, पुढे साधारण 30 ग्रॅम आणि मागे त्याच्या दुप्पट. टायर बसवताना आत टाकायचे किंवा व्हॉल्व्हमधून सोडायचे. रिमवर वजनांचे तुकडे नाहीत, टायर झिजत गेला तरी मणी आपोआप जागा बदलतात. 120 लाही माझी बाइक शांत असते. ज्यांना मशीनपर्यंत जायचं नाही आणि स्टँडही करायचा नाही त्यांना हाच मार्ग सोपा आहे असं मला वाटतं.

---

आकडेमोड

सरळरेष ताई, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण मण्यांमागचं शास्त्र जरा नीट बघू, कारण दोन्ही टोकाची मतं ऐकू येतात, एक म्हणतं जादू, एक म्हणतं फसवणूक, आणि दोन्ही चूक आहेत.

सुट्या गोळ्यांनी आपोआप बॅलन्स होणं खरं आहे. काही सीडी ड्राइव्हमध्ये याच तत्त्वावर गोळ्यांची रिंग बसवलेली असायची. पण त्याला अट आहे. फिरणारी वस्तू लवचिक आधारावर हवी आणि ती स्वतःच्या उसळायच्या लयीपेक्षा जास्त वेगाने फिरत असायला हवी. त्या लयीच्या वर गेलं की चाकाची हालचाल उलटी होते, जड भाग बाहेर असायच्या ऐवजी आत येतो, हलकी बाजू फिरण्याच्या खऱ्या केंद्रापासून लांब जाते, आणि सुटे मणी लांबच्या बाजूला म्हणजे हलक्या बाजूला जमा होतात. तिथेच तर ते हवे असतात. पण त्या लयीच्या खाली बरोबर उलटं, मणी जड बाजूलाच जाऊन बसायला बघतात. आणि घट्ट, न हलणाऱ्या शाफ्टवर फिरवलं तर काहीच होत नाही, मणी आतून सगळीकडे सारखे पसरतात.

बाटलीत मणी टाकून ड्रिलवर फिरवून दाखवतात ते व्हिडिओ खरे असतात, पण तिथे ड्रिल हातात असतं, म्हणजे आधार मऊ आणि वेग भरपूर, अट आपोआप पूर्ण होते. बाइकच्या चाकाची लय 10-15 च्या घरात आणि 100 ला फेऱ्या 15 च्या जवळ, म्हणजे ज्या वेगाला आपल्याला गरज तिथेच आपण काठावर असतो. त्यात टायरची हवा, फोर्कचं डॅम्पिंग, रस्त्याचे धक्के. म्हणून एकाच्या बाइकवर छान चालतं आणि दुसऱ्याच्या बाइकवर काहीच फरक पडत नाही, आणि दोघंही खरंच बोलत असतात. तुमचा टायर मुळातच चांगला बसलेला असेल, 10 ग्रॅमचाच फरक असेल, तर मण्यांशिवायही तो 120 ला शांत राहिला असता ही शक्यताही धरा.

माझं मत विचाराल तर ज्याची जागा आणि वजन मोजता येतं त्याच्यावर मी जास्त भरवसा ठेवीन. चिकटवलेलं वजन 20 ला आणि 120 ला तिथेच असतं.

---

सरळरेष

पटलं. पुढचा टायर बदलताना मण्यांशिवाय स्टँडवर ठेवून मुळात किती फरक आहे ते बघेन, मग कळेल मणी काही करत होते का. बाकी एक सांगते, आत ओलावा असेल तर मणी एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. टायर बसवताना साबणाचं पाणी आत राहिलं तर हमखास. आणि हवा कमी करताना एखादा दाणा व्हॉल्व्हच्या पिनमध्ये अडकला की हवा सुटत राहते, म्हणून जाळीवाली पिन लावायची.

---

लांबपल्ला

सगळ्यांचे मनापासून आभार, काय झालं ते सांगतो.

गिअर बदलून बघितलं, थरथर तशीच, म्हणजे चाकच. कोनसेट ठीक. मग गिअरबदल यांनी सांगितलेली रेष बघितली तर डाव्या बाजूला सगळीकडे सारखी आणि उजव्या बाजूला साधारण वीतभर भागात रेष रिमच्या आत दिसेनाशी झालेली! व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडली, तो भाग हाताने आत दाबून कडेला टायर बसवायचं साबण लावलं आणि टायरवर लिहिलेली मर्यादा न ओलांडता परत हवा भरली, टक्क आवाज करून बसला. आता रेष सगळीकडे सारखी. नुसत्या एवढ्यानेच थरथर निम्म्याहून कमी झाली.

मग कोनबेअरिंग यांच्या पद्धतीने स्टँड केला, पुढच्या चाकाला 45 ग्रॅम लागतायत. हे जास्त नाही का? टायरवर पिवळा ठिपका आहे तो व्हॉल्व्हपासून पाव फेरा लांब आहे, त्याचा काही संबंध?

---

कोनबेअरिंग

संबंध आहेच. पिवळा ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू. व्हॉल्व्हमुळे रिमची ती बाजू जड असते असं धरून ठिपका व्हॉल्व्हला लागून आणायचा असतो, म्हणजे दोघांचा फरक एकमेकांत जिरतो. काही कंपन्या ठिपका देत नाहीत, तेव्हा त्यांच्या सूचना बघायच्या.

पण रिमची जड बाजू व्हॉल्व्हपाशीच असते असं नाही हो. कास्टिंगमध्ये कुठेही असू शकते. टायर उतरवलेला असेल तेव्हा नुसती रिम डिस्कसकट आणि व्हॉल्व्हसकट स्टँडवर ठेवा, जड जागा शोधा आणि तिथे आतल्या बाजूला कायमची खूण करून ठेवा. ही खूण त्या रिमच्या जन्माला पुरते. पुढे प्रत्येक टायरचा ठिपका व्हॉल्व्हपाशी न आणता त्या खुणेपाशी आणायचा.

45 चालेल, बऱ्याच मॅन्युअलमध्ये पुढच्या चाकाला 60 ग्रॅमच्या आसपास मर्यादा असते. तुम्ही हाताने टायर फिरवू शकत असाल तर ठिपका जागेवर आणा, वजन बरंच उतरेल. 60 च्या वर गेलं असतं तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बघाच असं सांगितलं असतं, आणि तरी उतरलं नाही तर टायर किंवा रिममध्येच खोट.

---

लांबपल्ला

टायर पाव फेरा फिरवून घेतला, आता 20 ग्रॅममध्ये काम झालं. 5 ग्रॅमच्या चाचणीलाही पास. मागचं चाक कुठे करू, 180 आहे?

---

रिमरबर

मागचं आधी स्टँडवरच करा, सगळं तयार आहे तुमच्याकडे. हँडलला जे जाणवतं ते बहुतेक पुढच्या चाकाचं असतं, मागचं सीटमधून आणि फूटपेगमधून जाणवतं. स्टँडवर करून 110-120 ला सीट शांत असेल तर मशीनकडे जायचं कारणच नाही. सीटखाली तरीही घरघर राहिली, टायर नीट बसलेला आहे, रिम सरळ आहे, तर मग मशीनवर दोन्ही कडांचं वेगळं मोजून घ्या. तसं असेल तर वजनं मधोमध न लावता डाव्या आणि उजव्या कडेला वेगवेगळ्या ठिकाणी लागतात, आणि अशी वजनं लावल्यावर स्विंगआर्म, चेन आणि कॅलिपर तिघांपासून अंतर तपासा.

---

पानाखोकं

चाक बसवताना घाई नको. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला, स्पेसर ज्या बाजूचे त्या बाजूला, एबीएस असेल तर सेन्सरच्या रिंगला धक्का नाही लागला ना ते बघा. अ‍ॅक्सल आणि पिंच बोल्ट (अ‍ॅक्सलला आवळून धरणारे) मॅन्युअलच्या टॉर्कने. मागे चेनचा ढिलेपणा दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून. आणि बाइक हलवायच्या आधी पुढचा लिव्हर आणि मागचा पेडल दोन्ही कडक होईपर्यंत पंप करा, चाक काढताना पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिल्यांदा दाबल्यावर ब्रेक लागतच नाही. हे कोणीही विसरू नका.

---

गिअरबदल

एक शंका, एकदा बॅलन्स केलेलं चाक परत कधी करायचं? पंक्चर काढल्यावर पण?

---

कोनबेअरिंग

टायर उतरवला की दरवेळी. बाहेरून घातलेल्या पंक्चरच्या दोरीने फरक नगण्य, आतून मोठा पॅच लावला तर तपासा, तसंही टायर उतरवलेलाच असतो. एरवी मधेच नव्याने थरथर आली तर सगळ्यात आधी वजन सुटून पडलंय का ते बघा, रिमवर चिकट पट्टीचा चौकोनी डाग दिसतो. म्हणून मी वजन लावल्यावर शेजारी मार्करने ग्रॅम लिहून ठेवतो, पडलं तर तेवढंच त्याच जागी परत लावता येतं.